जिंकल्यानंतरच्या चुका

आपण मेलो आहोत हे एमिल होर्वाटला रेडिओवरून कळलं. तेही रविवारी, दुपारी साडेचारच्या सुमाराला, शहराच्या संघाने अमेरिकन फुटबॉलचा सामना जिंकल्यावर, स्टेडियमच्या मागच्या पार्किंगमध्ये गाडीचा हीटर लावून बसलेला असताना. सतरा-सोळा. एका गुणाने का होईना, जिंकले होते. पाच आठवड्यांत पहिल्यांदा जिंकले होते, आणि बाहेर लोक असे भांडत होते की हरले असते तर निदान एकमत तरी झालं असतं. डिसेंबरचा तलावावरचा वारा मैदानावरून सरळ पार्किंगमध्ये घुसत होता. एमिलचा गुडघा कुरकुरायला लागला म्हणून तो गाडीत येऊन बसला होता, पण काच चार बोटं खाली ठेवून, म्हणजे बाहेरचं भांडणही सुटायला नको आणि रेडिओवरचंही. शेजारच्या जागेत डचचा ट्रक. गेली पाच वर्षं तो तिथेच लागत होता. बाहेर जायच्या रस्त्यावर गाड्यांची ही रांग, तासभर तरी कुणी हलणार नाही, म्हणून डचने शेगडी पुन्हा पेटवली होती आणि उरलेली सॉसेजेस चिमट्याने उलटीपालटी करत होता. त्याची बायको लॉरेट्टा अंगात दोन कोट घालून घडीच्या खुर्चीत बसली होती.

"नशीब! दुसरं काही नाही," डच चिमटा हवेत नाचवत म्हणाला. "दोनदा बॉल समोरच्यांच्या हातात नेऊन दिला पोराने. अगदी घरपोच."

"आणि शेवटचा पास? तो कुणी टाकला, तुझ्या मावशीने?" लॉरेट्टा म्हणाली.

"मागच्या पायावर रेलून टाकला तो! जगातला कुठलाही क्वार्टरबॅक मागच्या पायावर रेलून पास टाकतो का?"

"पोचला ना?"

"पोचला म्हणून काय झालं!"

"ऐका! पोचला म्हणून काय झालं म्हणे," लॉरेट्टा म्हणाली. "बावीस वर्षांचं पोर ते, तिसरा सामना त्याचा. तू बावीसचा असताना तुला धड गाडी मागे घेता येत नव्हती. मी होते शेजारी, मला नको शिकवूस."

"एमिल, सांग रे बाबा हिला. तू शहाणा माणूस."

एमिलने काच आणखी दोन बोटं खाली केली. "पाय मागेच होता," तो म्हणाला. "आणि हातात बॉल फार वेळ धरतो. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत सुटायला हवा. हा साडेचारपर्यंत धरून बसतो. आज एकोणीस वेळा धरला."

"एकोणीस!" डच विजयाने बायकोकडे वळला. "मोजलेत त्याने. घे."

एमिलने खरंच मोजले होते. तो नेहमीच मोजायचा. काचेच्या कारखान्यात चौतीस वर्षं तो तपासणीच्या दिव्यासमोर बसला होता. पट्ट्यावरून बाटल्या येत, उजेडासमोरून सरकत, आणि ज्या बाटलीत केसाएवढी चीर, बुडबुडा, वाकडी मान दिसेल ती त्याने उचलून बाजूला टाकायची. दिवसाला हजारो. चांगल्या बाटलीला तिथे कुणी काही म्हणत नसे. ती आपली पुढे जायची. तोंड उघडायचं ते फक्त फुटक्या बाटलीसाठी. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी त्याची नजर अजून त्या पट्ट्यावरच होती, आणि या पार्किंगमध्ये त्या नजरेला मान होता. एमिल काय म्हणतो ते विचारा, असं लोक म्हणत. त्याला ते आवडायचं. घरी परत जाताना तो मान घेऊन जायचा आणि रिकाम्या घरात तो मान ठेवायला जागा सापडायची नाही.

सामना संपल्यावर व्हिन्सचा कार्यक्रम लागायचा. शहरातलं कुणीही फोन करावा आणि मनातलं ओकून टाकावं. पार्किंगमधल्या शंभर-दीडशे गाड्यांत तोच कार्यक्रम लावलेला, त्यामुळे व्हिन्सचा खर्जातला आवाज जमिनीतूनच निघाल्यासारखा चहूकडून यायचा. सगळे ओस्टरवर तुटून पडले होते. ओस्टर म्हणजे तो नवा पोरगा. जुन्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूचा, खांदा निखळला म्हणून याला उभा केलेला. एक म्हणाला, याला अजून दाढी तरी येते का? दुसरा म्हणाला, शेवटच्या पासला डोळे मिटले होते त्याने, माझ्या सासूने टीव्हीवर पाहिलं. व्हिन्स खदाखदा हसला आणि म्हणाला, "चला, आता पेन्सविलहून कर्ट. बोल, कर्ट."

कर्ट नावाची माणसं पायलीला पन्नास. नावाने एमिलला काही झालं नाही. पण बोलण्याआधी त्या माणसाने श्वास घेतला, एक छोटा, नाकाने ओढलेला श्वास, बॉल हातात यायच्या आधी घ्यावा तसा, आणि एमिलचा हात हीटरच्या बटणावर होता तिथेच राहिला.

"व्हिन्स, मला एवढंच म्हणायचंय, त्या पोराला आता सोडा जरा. तासभर ऐकतोय मी. जिंकून आलाय तो, आणि आपण त्याच्या पायाची मापं काढतोय."

"अरे, पण पाय मागे होता, राजा!"

"असेल. मी शाळेत खेळायचो. क्वार्टरबॅकच होतो. माझे वडील अगदी वरच्या रांगेत बसायचे. तीन हजार माणसं ओरडत असायची, पण मला एकच आवाज ऐकू यायचा. धरून बसू नको, धरून बसू नको. बॉल हातात यायच्या आधीच ऐकू यायचा तो." पुन्हा तो श्वास. "शेवटच्या वर्षी आम्ही चौदा-तेराने जिंकलो. शेवटचा पास माझा. मुलांनी उचलून घेतलं मला. मग गाडीत बसलो, आणि घर येईपर्यंत वडील माझ्या चुका सांगत होते. पहिल्या मिनिटापासून, ओळीने. मी मागे बसून रडत होतो आणि ते सांगत होते. आज एकेचाळीस वर्षांचा आहे मी, व्हिन्स. तो सामना मी जिंकला होता हे मला अजून खरं वाटत नाही."

व्हिन्सने विचारलं, "आणि आता? आता बघतोस का वडिलांबरोबर सामने?"

"नाही. वडील गेले माझे. सहा वर्षं झाली."

"अगं बाई," बाहेर लॉरेट्टा म्हणाली. "बिचारा. असतात बाई एकेकाचे बाप."

एमिलच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की तो पास शेवटचा नव्हता. त्यानंतर घड्याळात अकरा सेकंद उरले होते आणि बॉल आणखी दोनदा खेळला गेला. हे त्याच्या मनात आलं, अगदी स्पष्ट आलं, आणि मग त्याला स्वतःचीच भीती वाटली. आपल्या मरणाची बातमी आली आणि आपण तिच्यातली चूक काढली. त्याने रेडिओकडे पाहिलं. तिथे हिरवे आकडे होते, दुसरं काही नव्हतं, आणि कुणी दुसराच माणूस आता ओस्टरच्या दाढीबद्दल बोलायला लागला होता. सहा वर्षं. बरोबर आहे, कुणीतरी गेलंच होतं सहा वर्षांपूर्वी. रोझलिन, त्याची बायको, गेली होती. चर्चमध्ये कर्ट आईबद्दल बोलायला उभा राहिला होता, हातात कागद. आई जिन्यात उभी राहून कशी हाक मारायची ते तो सांगत होता, आणि शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज इतका खाली गेला की मागच्या बाकांपर्यंत पोचलाच नाही. एमिल पहिल्या बाकावर बसला होता. त्याला वाटत होतं, आता उठावं आणि पोराला धरावं. बाहेर पायऱ्यांवर गर्दी पांगल्यावर तो त्याच्याजवळ गेला. काही तरी बोलायलाच हवं होतं. म्हणाला, "शेवटी आवाज पडला तुझा. आणि घाई केलीस. मागे काही ऐकू गेलं नाही." कर्टने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, रागाने पाहिलं असतं तर बरं होतं. कागदाची घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवली, आणि बायकोला म्हणाला, चल. त्या दिवसापासून एक शब्द नाही. एमिलला कित्येक महिने वाटत राहिलं, मी चुकीचं काय बोललो? आवाज पडला होताच की. नंतर कधीतरी त्याला कळलं, पण कळलं तेव्हा इतके महिने लोटले होते की फोन करायचा तर आधी त्या महिन्यांबद्दल बोलावं लागलं असतं.

आणि ती चौदा-तेराची रात्र. गाडी चालवताना एमिलचे हात थरथरत होते, हे पोराला कुठे माहीत होतं? स्टिअरिंगवरचे हात दिसू नयेत म्हणून तो बोलत होता. वरच्या रांगेतून त्याने तो पास हातातून सुटताना पाहिला होता, एवढा स्वच्छ, एवढा सरळ, की शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून तो रडला होता. एमिल होर्वाट, ज्याला कारखान्यात कुणी हसताना पाहिलं नव्हतं. ते सगळं घेऊन तो गाडीत बसला आणि तोंडातून निघालं, "दुसऱ्या मिनिटाला तू डावीकडे बघायला विसरलास." मग थांबताच येईना. एकेक चूक काढून तो पोराच्या हातात देत होता. त्याला वाटत होतं, आपण काहीतरी देतोय. एवढ्या बारकाईने तुला दुसरं कोण बघणार आहे रे? रोझलिनने दोनदा त्याच्या दंडावर हात ठेवला. "एमिल, पुरे." मागे अंधारात पोरगा नाक ओढत होता. त्याला वाटलं, सर्दी झाली असेल, पाऊण तास घामेजलेला बाहेर उभा होता.

त्याने काच वर केली आणि फोन घेतला. व्हिन्सचा नंबर कुणालाही पाठ असतो, दर दहा मिनिटांनी सांगतात. बऱ्याच वेळाने एका मुलीने उचलला. नाव काय, कुठून बोलताय, कशाबद्दल? आर्नी, तो म्हणाला. का म्हणाला, त्याचं त्यालाच ठाऊक नाही. ओस्टरबद्दल. "रेडिओ बंद करा हं काका," मुलगी म्हणाली. "आमचं रेडिओवर आठ सेकंद उशिरा जातं, स्वतःचाच आवाज ऐकून लोक गोंधळतात." त्याने बटणाला हात लावला आणि नुसताच आवाज कमी केला. बंद करवेना. तिकडे पेन्सविलमध्ये कर्टच्या घरात हाच आवाज चालू असणार. एवढा एकच धागा होता. वीस मिनिटं तो कानाला फोन लावून बसला. वाक्य तयार केलं, मोडलं, पुन्हा केलं. कर्ट, मी जिवंत आहे. हे कसं सांगायचं? सगळ्या शहरासमोर पोराला खोटं पाडायचं? म्हणजे पुन्हा त्याची चूकच काढायची. बाहेर डच सॉसेज खात एका तिसऱ्याच माणसाला एकोणीसचा आकडा सांगत होता.

"चला, आर्नी आहेत आपल्याबरोबर. बोला, आर्नी. ओस्टरला ठेवायचं की घालवायचं?"

"मघाशी तो मुलगा बोलला," एमिल म्हणाला. "पेन्सविलचा. त्याच्या वडिलांना मी ओळखत होतो."

"काय सांगता!"

"एकत्र कामाला होतो आम्ही. त्या चौदा-तेराच्या सामन्याला मी शेजारी बसलो होतो त्याच्या. तो पास सुटला ना, तेव्हा रडला तो. माझ्या गळ्यात पडून रडला. नंतर कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटला होता. मुलालाच तेवढं सांगितलं नाही."

"का हो? का नाही सांगितलं?"

"त्याला..." एमिलने डोळे मिटले. "त्याला चांगलं बोलता येत नव्हतं. चांगल्या गोष्टीला बोलावं लागतं, हे त्याला माहीतच नव्हतं. मूर्ख माणूस होता. पण पोरावर जीव होता त्याचा. एवढंच सांगायचं होतं."

"वा, आर्नी. रडवलंत मला. आणि ओस्टर?"

"चांगला आहे," एमिल म्हणाला. "चांगला खेळला. फक्त तो बॉल जरा..." आणि त्याने जीभ चावली. "नाही. काही नाही. चांगला खेळला."

फोन बंद झाला, आणि तेव्हाच रेडिओतून एक म्हातारा बोलला, पोरावर जीव होता त्याचा. एमिल ऐकत राहिला. पातळ, चिरका, किरकिरा आवाज. प्रेमाचं वाक्य होतं आणि तक्रार केल्यासारखं ऐकू येत होतं. असा आहे आपला आवाज? इतकी वर्षं पोराने हा ऐकला? शेजारच्या ट्रकमधूनही तेच वाक्य येत होतं, पलीकडच्या गाडीतूनही. काचेपलीकडे लॉरेट्टा खुर्चीत वळली होती आणि थेट त्याच्याकडे बघत होती. डच तोंडातला घास तसाच ठेवून म्हणत होता, "काय गं, हा आवाज..." तिने त्याच्या हातावर फटका मारला.

दोन-तीन फोन गेले. जाहिराती झाल्या. मग व्हिन्स म्हणाला, "हे बघा, आपल्या पेन्सविलच्या कर्टचा निरोप आलाय. वाचतो. 'त्या आर्नींना सांगा, आभारी आहे. पण माझ्या वडिलांना असं काही वाटत असतं तर त्यांनी ते रेडिओवरून नसतं कळवलं. माझा नंबर होता त्यांच्याकडे. सहा वर्षं होता.'" व्हिन्स जरा अडखळला. "आता मेलेल्या माणसाकडे सहा वर्षं नंबर, म्हणजे... असो. दुःखात माणूस काहीही लिहितो. पुढचा फोन घेऊ या."

"खरं आहे," एमिल रेडिओला म्हणाला.

ओळखलं होतं पोराने. पहिल्या शब्दाला ओळखलं असणार, तो आवाज त्याला ओळखावा लागत नाही. एमिलने नंबर काढला. पडद्यावर नाव आलं, नावाखाली काही नाही, सहा वर्षांत एकही नोंद नाही. त्याला ठाऊक होतं की कर्टने उचलला तर आपण काय बोलू. बोलायचं ते मनात नीट असेल, आणि तोंडातून निघेल, तो पास शेवटचा नव्हता. किंवा निघेल, मेलो म्हणून का सांगितलंस? काहीतरी चिरलेलंच निघेल. तरी त्याने बोट दाबलं. तिकडे घंटी वाजली. एकदा. दुसऱ्यांदा. आणि त्याने घाईघाईने फोन कापला.

निदान एवढं तरी झालं. पेन्सविलमध्ये एका फोनवर आता वडिलांचं नाव दिसत असेल, आताची वेळ दिसत असेल. मेलेला माणूस फोन करत नाही. करायचा असेल तर तो करेल. नाही केला तर तेही बरोबरच आहे. एमिलने फोन मांडीवर उपडा ठेवला, मग सुलटा ठेवला.

रांग हलायला लागली होती. एकेक गाडी दिवे लावून निघत होती, कुणी जिंकल्याचे हॉर्न वाजवत होतं. डचने शेगडीतले निखारे बादलीत ओतले, खुर्च्यांच्या घड्या घातल्या. लॉरेट्टाने काचेवर बोटाने टकटक केलं. त्याने काच खाली केली. थंडीने तिचं नाक लाल झालं होतं.

"निघायचं ना, एमिल? रस्ता मोकळा झालाय."

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "माझ्या मुलाचा फोन यायचाय."

पाच वर्षांत तिने त्याच्या तोंडून मुलाबद्दल काही ऐकलं नव्हतं. ट्रकमागे जाऊन तिने घडी घातलेली खुर्ची पुन्हा काढली, त्याच्या दारापाशी आणून उघडली आणि कोट सावरून तिच्यात बसली.

"आता काय झालं?" डच ट्रकमधून ओरडला. "जायचंय की नाही?"

"थांबायचंय," ती म्हणाली. "इंजिन बंद कर. आणि तो रेडिओसुद्धा."